टोलेडोचं इंजिन, श्रीगोंद्याची वाट

डेल्मर रूस १९३८ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, टोलेडो शहरातल्या विलीज-ओव्हरलँड कंपनीत रुजू झाले. सगळे त्यांना ‘बार्नी’ म्हणत. स्टुडबेकरसारख्या नामांकित कंपनीत मुख्य इंजिनिअर म्हणून त्यांनी नाव कमावलं होतं. नव्या कंपनीत मात्र त्यांच्या हाती आलं एक जुनं, चार सिलिंडरचं इंजिन. विसाच्या दशकातल्या व्हिपेट या स्वस्त गाडीपासून ते चालत आलेलं होतं. घनफळ सुमारे २,१९९ सीसी आणि ताकद जेमतेम ४८ अश्वशक्ती. पूर्ण वेगावर ते फार वेळ तग धरत नसे. नवं इंजिन घडवायला कंपनीकडे पैसा नव्हता. आहे त्याच इंजिनाची ताकद वाढवायची आणि ते टिकाऊही करायचं, एवढंच काम रूस यांच्यासमोर होतं.

या कामाची फळं पुढे नगर जिल्ह्यातल्या, भीमा-घोडच्या काठच्या श्रीगोंदा तालुक्यापर्यंत पोचली. पंचायत समितीची जीप, साखर कारखान्याची जीप, काष्टीच्या बाजाराला माणसं भरून नेणारं वडाप, लग्नाच्या वऱ्हाडाला भाड्याने घेतलेली गाडी, या साऱ्यांची वंशावळ टोलेडोच्या त्या इंजिनापाशी जाऊन पोचते. मधल्या पन्नास वर्षांत जीपचं इंजिन बदललं, परत बदललं, पेट्रोलचं डिझेल झालं. त्या प्रत्येक बदलाने एकच प्रश्न पुढे केला: इंजिनाची ताकद वाढवणं अवघड, की वाढवलेली ताकद टिकवणं? जीपचा इतिहास याचं उत्तर फार स्पष्ट देतो.

रूस यांनी काय केलं

इंजिनाची ताकद वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे ते जास्त वेगाने फिरवणं. एका मिनिटात जितक्या जास्त फेऱ्या, तितके जास्त स्फोट आणि तितकं जास्त काम. पण फेऱ्या वाढल्या की पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ३,२०० फेऱ्यांवर निभावणारं बेअरिंग ४,००० फेऱ्यांवर वितळू शकतं. व्हिपेटच्या इंजिनाचं दुखणं नेमकं इथे होतं. त्याचा स्ट्रोक १११ मिलिमीटर आणि बोअर ७९ मिलिमीटर, म्हणजे पिस्टनला दर फेरीत लांब पल्ला मारावा लागे. अशा इंजिनाला वेग सोसत नाही.

रूस यांनी बोअर वाढवला नाही, स्ट्रोक घटवला नाही. त्यांनी प्रत्येक भागाची ताकद आणि माप तपासलं. जड पिस्टन काढून अॅल्युमिनियमचे हलके पिस्टन बसवले. फ्लायव्हील हलकं केलं. सुट्या भागांमधली फट आधीपेक्षा काटेकोर ठरवली. जिथे धातू कमी पडत होता तिथे कणखर मिश्रधातू वापरला. मग इंजिन चाचणीच्या मेजावर चढवायचं, मोडेपर्यंत चालवायचं, काय मोडलं ते पाहायचं, तेवढंच सुधारायचं आणि पुन्हा चालवायचं, असा त्यांचा क्रम होता. त्यातून तेच २,१९९ सीसीचं इंजिन ४,००० फेऱ्यांवर ६० अश्वशक्ती देऊ लागलं, आणि पूर्ण वेगावर दीर्घ चाचणी सोसू लागलं. कंपनीने त्याचं नाव ठेवलं ‘गो-डेव्हिल’.

चौथा हिस्सा जादा ताकद, तीही त्याच ब्लॉकमधून. आजही कुणी जुन्या गाडीचं इंजिन सुधारायला घेतलं तर रूस यांचा क्रम त्याला गिरवण्यासारखा आहे. आधी कमकुवत जागा शोधायची, तिला बळकटी द्यायची, आणि मगच वेग वाढवायचा.

जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली. पाव टन वजन वाहणारी, चारही चाकांना जोर देणारी हलकी गाडी हवी होती, आणि नमुना द्यायला अवघे ४९ दिवस होते. पेनसिल्व्हेनियातल्या बँटम कंपनीने २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिला नमुना हजर केला. मागून विलीज आणि फोर्ड आल्या. बँटम आणि फोर्डच्या इंजिनांची ताकद पंचेचाळीस अश्वशक्तीच्या आसपास होती, विलीजची साठ. चिखलात आणि चढावर हा फरक उघड दिसला.

विलीजची गाडी मात्र जड होती. लष्कराने वजनाची मर्यादा २,१६० पौंड, म्हणजे साधारण ९८० किलो ठरवली. हलकं इंजिन बसवलं असतं तर वजनाचा प्रश्न एका फटक्यात सुटला असता. रूस यांनी इंजिनाला हात लावायला नकार दिला आणि बाकीची गाडी सुटी केली. लांब बोल्ट आखूड केले, जिथे पत्रा जादा वाटला तिथे तो कमी केला, रंगाच्या थरांचंसुद्धा वजन धरलं, आणि गाडी मर्यादेत बसवली. पुढे फोर्डनेही दुसऱ्या महायुद्धासाठी विलीजच्याच आराखड्याच्या जीप बनवल्या, आणि त्यांतही हेच गो-डेव्हिल इंजिन होतं. युद्ध संपेपर्यंत दोन्ही कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बाहेर काढल्या होत्या.

माझगाव आणि उंच बॉनेट

युद्धाच्या काळात कैलासचंद्र महिंद्रा भारताच्या खरेदी मोहिमेचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते. तिथे त्यांची बार्नी रूस यांच्याशी भेट झाली. डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून पुढच्या हिंदुस्थानाला हीच गाडी उपयोगी पडेल, हा विचार त्या भेटीतून पक्का झाला. २ ऑक्टोबर १९४५ रोजी कैलासचंद्र, त्यांचे बंधू जगदीशचंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. याच सुमारास विलीजशी करार होऊन सुट्या भागांच्या पेट्या मुंबईत उतरू लागल्या, आणि १९४९ पासून माझगावच्या कारखान्यात जीप जोडल्या जाऊ लागल्या.

तोपर्यंत टोलेडोत इंजिनाचा दुसरा टप्पा सुरू झाला होता. गो-डेव्हिलचे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला होते. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण बाजूने येणार, वळसा घेऊन सिलिंडरमध्ये शिरणार आणि जळालेला धूर त्याच बाजूने बाहेर पडणार. ही रचना सोपी आणि स्वस्त, पण त्या वळणात इंजिनाचा श्वास कोंडतो. १९५० मध्ये विलीजने जो तोडगा काढला तो फार शहाणपणाचा होता. खालचा ब्लॉक आणि बोअर-स्ट्रोक जवळपास तेच ठेवले, धूर सोडणारा व्हॉल्व्ह बाजूलाच राहू दिला, आणि आत हवा घेणारा मोठा व्हॉल्व्ह तेवढा वर हेडमध्ये नेला. तो उघडण्यासाठी पुशरॉड आणि रॉकर आले. तेच घनफळ आता सत्तरीपलीकडे, कॉम्प्रेशनप्रमाणे ७२ ते ७५ अश्वशक्ती देऊ लागलं. या इंजिनाचं नाव ‘हरिकेन’.

वर व्हॉल्व्ह आल्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि जुन्या बॉनेटखाली ते मावेना. कंपनीने बॉनेट आणि जाळी उंच केली. सीजे-३बी या नावाने १९५३ मध्ये आलेली ती उंच कपाळाची जीप म्हणजेच आपल्या मनात बसलेली महिंद्रा जीप. अमेरिकेत तिचं उत्पादन १९६८ मध्ये थांबलं. भारतात तिची बांधणी त्यानंतरही कित्येक वर्षं चालू राहिली, आणि इंजिनाचे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनू लागले.

हरिकेनच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गो-डेव्हिल बांधणाऱ्या मेकॅनिकला हरिकेन परकं नव्हतं. क्रँक ओळखीचा, बेअरिंग ओळखीचे, पिस्टनचं माप तेच. नवं शिकायचं ते रॉकरची फट ठेवणं आणि वरपर्यंत तेल पोचतं की नाही ते पाहणं. धूर सोडणारा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असल्याने त्याची उष्णता पाण्याच्या वाटांमध्ये उतरे. त्यामुळे रेडिएटर स्वच्छ ठेवणं आणि फॅनचा पट्टा ताणलेला ठेवणं यावर गाडीचं आयुष्य ठरे. उन्हाळ्यात पाणी उकळलेली जीप रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी, हे दृश्य त्या काळात नेहमीचं. त्यात इंजिनाच्या रचनेइतकाच देखभालीचाही दोष असायचा.

नगर जिल्ह्याशी जीपचं नातं आणखी एका वाटेने जुळतं. लष्करी वाहनांची पारख करणारी संस्था फाळणीआधी, पुढे पाकिस्तानात गेलेल्या चकलाला इथे होती. १९४७ मध्ये ती नगरला आली आणि पुढे ‘व्हीआरडीई’ या नावाने ओळखली जाऊ लागली. रणगाड्यांच्या दलाचं केंद्रही नगरलाच. लष्करात गाडी चालवलेला किंवा दुरुस्त केलेला माणूस निवृत्त होऊन गावी येई तेव्हा कामाची शिस्त सोबत आणी. ठरल्या किलोमीटरला तेल बदलायचं, दर आठवड्याला ग्रीस मारायचं, बोल्ट ठरल्या मापानेच आवळायचा. इंजिन टिकण्यात या शिस्तीचा वाटा मोठा होता.

पेट्रोल परवडेना

१९५२ मध्ये सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकासाच्या कामासाठी जीप तालुक्यांत आल्या. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या स्थापन झाल्या. मग गटविकास अधिकारी, शेतकी खातं, पाटबंधारे खातं, आरोग्य केंद्र अशा सगळ्यांच्या दारात जीप दिसू लागली. श्रीगोंद्यासारख्या तालुक्यात तिला पर्याय नव्हता. दौंड-मनमाड रेल्वेमार्ग तालुक्यातून जातो, पण स्टेशनापासून गाव लांब. काळ्या मातीच्या वाटा पावसाळ्यात चाकाला चिकटतात, उन्हाळ्यात त्यांचाच फुफाटा होतो. घोड आणि कुकडीचे कालवे आल्यावर ऊस वाढला, साखर कारखाने उभे राहिले, आणि शेतकी अधिकाऱ्यांची फिरती वाढली. १९७२ च्या दुष्काळात पाझर तलाव, नालाबंडिंग आणि रस्त्यांच्या कामांवर देखरेख करणारी पथकं नगर जिल्ह्याच्या माळरानांवर जीपमधूनच फिरली.

त्याच्या पुढच्याच वर्षी जगाचं गणित बदललं. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला, आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाची किंमत जवळपास चौपट झाली. हरिकेनची भूक मोठी होती. सरकारी खात्याने पेट्रोलचं बिल कसंबसं सोसलं, पण स्वतःच्या पैशाने जीप चालवणाऱ्याला ते सोसणं शक्य नव्हतं. सरकारी धोरणामुळे डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं, आणि एका लिटरमध्ये डिझेल इंजिन जास्त अंतर कापतं. जीपमध्ये डिझेल इंजिन हवं, ही मागणी गावोगावच्या गाडीमालकांकडून वर आली.

या मागणीचं उत्तर मुंबईच्या कांदिवलीत तयार होतं. महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी स्थापन केली होती आणि तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर शेतकऱ्यांच्या घरात रुळला होता. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रात विलीन झाली. बी-२७५ चं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन सुमारे २,३६० सीसीचं, म्हणजे हरिकेनच्याच आसपासचं. सत्तरच्या दशकात ट्रॅक्टरच्या या घराण्यातली डिझेल इंजिनं जीपच्या बॉनेटखाली येऊ लागली.

ट्रॅक्टरचं इंजिन जीपमध्ये बसवणं म्हणजे चार बोल्ट काढून चार बोल्ट आवळणं नव्हतं. ट्रॅक्टरच्या इंजिनाने आयुष्य दोन हजार फेऱ्यांच्या आसपास काढायचं, नांगराचा ओढा सोसायचा आणि एका चालीने चालायचं, असा त्याचा जन्मस्वभाव. जीपला रस्त्यावर वेग हवा. पेट्रोल इंजिनात कॉम्प्रेशन सातास एक, डिझेलमध्ये ते वीसच्या घरात. त्यामुळे ब्लॉक जाड, क्रँक जड आणि कंप जास्त. नाकावर वजन वाढलं की पुढच्या पाट्यांवर भार येतो, इंजिनाच्या रबरी बैठका लवकर फाटतात आणि स्टीअरिंग जड होतं. वेग वाढवायचा तर गिअरचं प्रमाण बदलावं लागतं. इंजिन बदललं की त्याच्या मागचं आणि खालचं सगळंच बदलावं लागतं, हा धडा कंपनीच्या इंजिनिअरांनी आणि तालुक्याच्या गॅरेजवाल्यांनी एकाच काळात घेतला.

पण या इंजिनाचा एक गुण या सगळ्यावर मात करणारा होता. गावात बी-२७५ ट्रॅक्टर होताच. त्याचा पिस्टन, लाइनर, रिंग, नोझल मिळण्याची जागा ठाऊक होती, आणि ते इंजिन बांधणारा हातही गावातच होता. ट्रॅक्टरच्या या घराण्याचं आयुष्य किती लांबलं ते पाहा. इंटरनॅशनलच्या याच मालिकेत साडेतीन इंच बोअर आणि चार इंच स्ट्रोकचं २,५२३ सीसीचं इंजिन होतं. एकविसाव्या शतकात बोलेरो आणि थार या गाड्यांच्या डिझेल इंजिनांवर २,५२३ हाच आकडा दिसतो. मधे डायरेक्ट इंजेक्शन आलं, टर्बो आला, बोलेरोत कॉमन रेलही आलं, पण बोअर-स्ट्रोकचं माप बदललं नाही.

इगतपुरीचं फ्रेंच इंजिन

जीपला रस्त्यावर पळवण्यासाठी मात्र हलकं, वेगाने फिरणारं डिझेल इंजिन हवं होतं. १९७९ मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या पेजो कंपनीशी एक्सडीपी ४.९० या इंजिनाचा परवाना करार केला. नाशिक जिल्ह्यात, कसारा घाटाच्या माथ्यावर इगतपुरीला त्यासाठी कारखाना उभा राहिला आणि ऐंशीच्या दशकात हे इंजिन तिथे बनू लागलं. घनफळ २,११२ सीसी, बोअर ९० मिलिमीटर, ताकद ६२ अश्वशक्ती.

पंचाहत्तर अश्वशक्तीच्या हरिकेनची जागा बासष्ट अश्वशक्तीचं इंजिन घेतं आणि लोक त्याला सुधारणा म्हणतात, हे वरवर चमत्कारिक वाटेल. पण गाडीमालकाचा हिशोब त्या तेरा अश्वशक्तींचा नव्हता. लिटरमागे किती किलोमीटर, दिवसाकाठी किती खेपा, वर्षाकाठी किती दिवस गाडी गॅरेजात, असा तो हिशोब होता. पेजोच्या या घराण्याने आफ्रिकेच्या रस्त्यांवर, ४०४ आणि ५०४ या गाड्यांमध्ये धूळ, ऊन आणि निकृष्ट डिझेल सोसून दाखवलं होतं. त्याचे लाइनर बदलता येण्यासारखे होते. ब्लॉक फेकावा लागत नसे आणि बोअर मारायला शहरात न्यावा लागत नसे. घासलेले लाइनर काढले, नवे बसवले, नवे पिस्टन आणि रिंग टाकल्या, की इंजिन पुन्हा उभं. लहान गावात हा गुण अश्वशक्तीपेक्षा मोठा ठरतो.

चार गिअरच्या केएमटी-९० गिअरबॉक्सशी या इंजिनाचं चांगलं जमलं. एमएम-५४० सारख्या जीप आल्या. पुढे याच घराण्यातलं एक्सडी३पी हे २,४९८ सीसीचं, बहात्तर अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन आलं. म्हणजे पेट्रोल हरिकेनची ताकद डिझेलने कित्येक वर्षांनी गाठली, आणि ती गाठताना इंधनाचा खर्च पेट्रोलपेक्षा कितीतरी खाली ठेवला. २०१० च्या थारमध्ये आलेलं १०५ अश्वशक्तीचं कॉमन रेल डिझेल इंजिनही घनफळाने २,४९८ सीसीचंच होतं.

जुन्या गाडीत नवं इंजिन बसवण्याचं ते पर्वच होतं. मुंबईच्या प्रीमियर कंपनीने १९८५ मध्ये फियाट १२४ च्या सांगाड्यात निसानचं १,१७१ सीसीचं इंजिन बसवलं. ११८ एनई या नावातला ‘एनई’ त्या निसान इंजिनासाठीच होता. हिंदुस्थान मोटर्सच्या काँटेसाचं रूप दणकट होतं, पण आधी तिच्यात अँबॅसडरचं जुनं इंजिन होतं आणि ते गाडीला पुरत नव्हतं. इसुझुचं १,८१७ सीसीचं इंजिन आल्यावर ती गाडी खऱ्या अर्थाने पळू लागली. महिंद्रासकट या तिन्ही कंपन्यांनी एकच शहाणपण दाखवलं. स्वतः अर्धवट प्रयोग करण्याऐवजी परदेशात लाखो किलोमीटर चालून सिद्ध झालेलं इंजिन निवडलं, आणि त्याला आपल्या गाडीत बसवण्याच्या कामावर मेहनत घेतली.

तालुक्याच्या गॅरेजात

कंपनीतून डिझेल होऊन आलेल्या जीपइतकाच रंजक इतिहास गॅरेजात डिझेल झालेल्या जीपचा आहे. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत पेट्रोल जीप स्वस्तात विकायला निघत. त्या घ्यायच्या आणि पेजोचं, ट्रॅक्टरचं किंवा मॅटाडोरचं इंजिन मिळवून बसवायचं, हा धंदा महाराष्ट्रभर चालला. कायद्याने इंजिन बदलाची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागे आणि आजही लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ त्यासाठीच आहे.

या कामात मेकॅनिकची खरी परीक्षा होई. इंजिन बेलहाउसिंगशी जुळतं का? नाही तर मधे अॅडॉप्टर प्लेट घालावी लागे, आणि ती सूतभर जरी वाकडी बसली तर क्लच आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग दोन्ही लवकर जात. रेडिएटर नव्या इंजिनाची उष्णता वाहून नेतो का? डिझेलचा रिटर्न पाइप टाकीपर्यंत नीट नेलाय का? वाटेत कुठे हवा शिरली तर गाडी ऐन चढावर बंद पडे आणि पंपातून हवा काढत बसावं लागे. डिझेलमध्ये प्लग आणि डिस्ट्रिब्युटर नसल्याने धूळ आणि ओल यांचा जुना त्रास संपला होता, पण त्या जागी पंप आणि नोझल यांची नाजूक कामं आली. बंगळूरच्या मायको कंपनीचे पंप देशभर वापरले जात. त्यांच्या कॅलिब्रेशनचं मशीन ज्या गावात, तिथे आजूबाजूच्या तालुक्यांतून पंप येत. काळा धूर मारणारी गाडी जास्त ताकदवान, असा समज काही ड्रायव्हरांचा असे, आणि पंपाचा स्क्रू पिळून इंधन वाढवायला ते सांगत. जाणता मेकॅनिक नकार देई. जळू न शकलेलं डिझेल धूर होऊन बाहेर पडतं, सिलिंडरचं तेल धुऊन टाकतं आणि पिस्टनचा माथा जाळतं, हे त्याने हेड उतरवून पाहिलेलं असे.

टोलेडोतल्या रूस यांच्या चाचणीच्या मेजाची जागा इथे उसाच्या हंगामाने घेतली. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून कारखाना पेटला की शेतकी खात्याच्या गाड्या उसाच्या फडांमधून दिवसभर फिरत. वडापच्या गाड्यांत माणसं आणि पोती यांची गणती नसे. पहिल्या हंगामात न टिकणारी जोडणी दुसऱ्या हंगामात कुणी करत नसे. जे मोडलं ते सुधारून पुन्हा बसवायचं, हीच इथलीही रीत होती. हा अनुभव कुठल्या अहवालात लिहिला गेला नाही, पण आठवड्याचे सातही दिवस गाडी चालू ठेवण्याची जी विद्या त्या गॅरेजांत तयार झाली, ती कुठल्याही प्रयोगशाळेच्या कामाशी तुलना करण्याच्या योग्यतेची आहे. तिची दखल वाहनांच्या इतिहासात घ्यायलाच हवी.

आजच्या हौशी माणसासाठी

जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. दोन्हींमधलं अंतर कमी झालं आणि जीपला डिझेलकडे नेणारं कारण हळूहळू दुबळं झालं. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे प्रदूषणाचे नियम आले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला बाजारात आलेल्या नव्या थारमध्ये डिझेलच्या बरोबरीने दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन होतं, १५० अश्वशक्तीचं. गो-डेव्हिलपेक्षा घनफळाने लहान आणि ताकदीने अडीच पट. ज्या इंधनाने जीप जन्माला आली त्या इंधनाकडे तिची नवी पिढी परतली.

आता पुणे, नाशिक, नगर, कोल्हापूर इथे जुन्या जीप शोधून त्यांना पुन्हा उभं करणाऱ्यांची संख्या वाढते आहे. उंच बॉनेटची सीजे-३बी घ्यायची आणि तिच्यात नव्या बोलेरोचं किंवा स्कॉर्पिओचं कॉमन रेल इंजिन बसवायचं, हा मोह अनेकांना होतो. मोह चांगलाच आहे, गाडी रस्त्यावर राहते. पण जीपचा सत्तर-ऐंशी वर्षांचा अनुभव या कामाचा क्रम ठरवून देतो आणि तो क्रम मोडू नये.

आधी ब्रेक. मूळ जीपचे ड्रम ब्रेक साठ-सत्तर अश्वशक्तीच्या वेगाचा विचार करून बनवलेले होते. दुप्पट ताकदीला ते पुरत नाहीत, आणि डिझेल इंजिनावर सर्वो ब्रेक चालवायचा तर व्हॅक्यूम पंप लागतो. मग चॅसी आणि पुढचे पाटे, मग रेडिएटर आणि हवा येण्याची वाट, मग क्लच, गिअरबॉक्स आणि अॅक्सल. हे सगळं झाल्यावर इंजिन. आणि इंजिनही असं, ज्याचे सुटे भाग आपल्या तालुक्यात मिळतात आणि ज्याच्या वायरिंगची समज असलेला माणूस हाकेच्या अंतरावर आहे. कॉमन रेल इंजिनाला आता पान्यासोबत स्कॅनरही लागतो. वायर तोडून, सेन्सर काढून टाकून ते ‘साधं’ करण्याचे प्रयत्न टिकत नाहीत. शेवटी परिवहन कार्यालयातली नोंद. नोंद नसलेल्या इंजिनामुळे अपघाताच्या वेळी विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.

ज्याला मूळ हरिकेनच ठेवायचं आहे त्याच्यासाठीही रूस यांची वाट मोकळी आहे. त्या इंजिनाला जादा कार्ब्युरेटर आणि उंच कॅम देऊन पळवण्यापेक्षा क्रँक आणि पिस्टन यांचं संतुलन नीट करावं, धुराच्या व्हॉल्व्हच्या बैठका कणखर धातूच्या कराव्यात, ऑइल पंप आणि पाण्याच्या वाटा साफ कराव्यात. साठ-पंचाहत्तर अश्वशक्ती या गाडीला पुरेशी आहे. ती सलग आणि बिनतक्रार मिळाली, तर गाडी आपोआप चपळ वाटते.

इंजिन सुधारण्याच्या साऱ्या खटाटोपाचं मोजमाप कागदावरच्या आकड्याने होत नाही, हे जीपने इतक्या स्पष्टपणे दाखवलं तितकं क्वचितच कुठल्या गाडीने दाखवलं असेल. गो-डेव्हिलने ताकद वाढवली ती आधी बळकट होऊन. हरिकेनने वाढवली ती ओळखीच्या ब्लॉकवर. ट्रॅक्टरच्या आणि पेजोच्या इंजिनांनी तर अश्वशक्ती कमी करून जीपचं काम वाढवलं, कारण ती इंजिनं शेतकऱ्याला परवडत होती आणि त्याच्याच गावात दुरुस्त होत होती. श्रीगोंद्यासारख्या तालुक्यात कित्येक जुन्या जीप आजही धावताहेत त्या याच तीन कारणांनी: बळकट पाया, ओळखीची रचना आणि हाताशी असलेला मेकॅनिक. कुणीही आपल्या आवडत्या जुन्या गाडीला नवं इंजिन देण्याचं मनावर घेतलं, तर अश्वशक्तीचा आकडा ठरवण्याआधी या तिन्हींची खात्री करून घ्यावी.